टगबोट्सची शेवटची मॅच

शिराइसो टगबोट्सच्या शेवटच्या मॅचला जेमतेम तीनेकशे माणसं आली, आणि त्यांतली निम्मी खेळाडूंच्या घरचीच होती. स्टेडियम तीन हजारांचं. वरच्या काचेच्या खोलीतून बघताना दिपालीला रिकाम्या निळ्या खुर्च्याच जास्त दिसत होत्या.

ती या बेसबॉल टीमची निवेदिका. कोण खेळायला येतोय, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण बदलला, हे माइकवरून सांगायचं तिचं काम. लग्नाआधी ती सांगलीला आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होती. हरीशशी लग्न होऊन जपानला आली ती आधी सेंदाईला. मग हरीशच्या कंपनीने शिराइसोच्या बंदरातल्या शीतगृहांचं काम घेतलं आणि बिऱ्हाड या समुद्रकाठच्या लहान शहरात आलं. इथे ती टीमच्या ऑफिसात पार्ट-टाइम तिकिटं विकायला लागली. आधीची निवेदिका लग्न करून दुसऱ्या गावी गेली, दुसरी कोणी मिळेना, तेव्हा टीमचे मालक ओनोदेरा-सान तिला म्हणाले, "तुम्ही रेडिओवर होतात ना? मग या वर." सुरुवातीला तिने एका खेळाडूच्या आडनावाची अशी वाट लावली की तो बॅट टेकवून हसतच उभा राहिला. पण लोकांना तिचा आवाज आवडला. 

ओनोदेरा-सान सत्तरी ओलांडलेले. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या टगबोटी हा त्यांचा धंदा. मोठ्या त्सुनामीत शहराचा खालचा निम्मा भाग वाहून गेला, त्यांच्या बोटीही गेल्या. नंतर सरकारने मागचा डोंगर कापून ती माती खाली टाकली आणि जमीन उंच केली. डोंगराचा कापलेला माथा सपाट राहिला. त्या सपाटीवर ओनोदेरा-साननी सगळ्यांच्या मागे लागून हे स्टेडियम करवून घेतलं आणि एका छोट्या स्वतंत्र लीगमध्ये टीम उतरवली. मोठ्या संघांनी न घेतलेली मुलं या लीगमध्ये खेळायची. आठवडाभर कुणी शीतगृहात खोकी उचलायचा, कुणी कोनबिनीच्या, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानाच्या, काउंटरवर उभा राहायचा, आणि शनिवार-रविवारी अंगात टगबोट्सची नारिंगी जर्सी. "घरं काय, होतील बांधून," ओनोदेरा-सान म्हणायचे. "पण लोकांनी एके ठिकाणी बसायचं कुठे?"

लोक फारसे बसलेच नाहीत. अकरा हंगामांत टगबोट्स एकदाही पहिल्या आल्या नाहीत. एकच मुलगा मोठ्या संघापर्यंत पोचला. तरुण माणसं सेंदाईकडे जात राहिली, प्रायोजक गळत गेले, आणि या उन्हाळ्यात ओनोदेरा-साननी टीम बंद होत असल्याचं जाहीर केलं. ते सांगताना त्यांनी कुणालाही दोष दिला नाही.

तो सप्टेंबरातला रविवार होता. हरीश सेंदाईला गेला होता, ऑफिसातल्या गुणवंतचं घर हलवायला. नऊ वर्षांची ओवी खाली, बंदराजवळच्या बंदिस्त जलतरण तलावात पोहायला गेली होती. तिला बेसबॉलचा मनस्वी कंटाळा. क्लास सुटला की तिथल्याच वाचनखोलीत बसायचं, आणि बाबा ट्रेनने आले की त्यांच्याबरोबर घरी यायचं, असं ठरलं होतं.

नऊपैकी सहावी इनिंग चालू होती. दोन-दोन अशी बरोबरी, टगबोट्सची बॅटिंग, एक माणूस दुसऱ्या बेसवर. दिपालीने पुढच्या खेळाडूचं नाव घेतलं आणि त्याच क्षणी स्टेडियममधले सगळे फोन एकदम किंचाळले.

ती आपत्तीची घंटा इथे सगळ्यांच्या ओळखीची होती. मैदानावरचे खेळाडू आपोआप खाली बसले. मग जमिनीने आधी एक धक्का दिला आणि नंतर आडवं हलवायला सुरुवात केली. काचा खडखडल्या. दिपालीने टेबल धरलं. तिच्या शेजारी बसून स्कोअर लिहिणारे मियाउरा-सान, निवृत्त शिक्षक, एका हाताने माइकचा स्टँड धरून होते आणि दुसऱ्या हाताने तिला खाली वाकायची खूण करत होते. हलणं थांबेचना. आता थांबेल असं वाटायचं आणि ते पुन्हा जोर धरायचं. स्कोअरबोर्डवरचे दिवे गेले.

थांबलं तेव्हा एक बाळ रडत होतं तेवढंच. जनरेटर सुरू झाला, माइकचा हिरवा दिवा लागला.

मियाउरा-साननी खिशातला छोटा रेडिओ कानाला लावला. "त्सुनामीचा इशारा," ते म्हणाले. "तीन मीटर. अर्ध्या तासात."

त्या खोलीला दोन खिडक्या होत्या. पुढची मैदानाकडे, मागची शहराकडे. दिपाली मागच्या खिडकीकडे धावली. चढावरचा वळणावळणाचा रस्ता, खाली घरांची कौलं, बंदर, आणि उजव्या हाताला समुद्राला मिळणारी नदी. नदीपलीकडे दुसरी टेकडी होती, तिच्यावर ओवीची शाळा. तलावाची पांढरी इमारत बंदराला अगदी खेटून होती. एवढ्या दुरून ती काडेपेटीएवढी दिसत होती.

तिने फोन लावला. लागला नाही. हरीशला लावला. तोही नाही.

शहरातले भोंगे वाजू लागले, पण त्यांच्यातून येणारे शब्द डोंगरावर आपटून एकमेकांत मिसळत होते. काही कळत नव्हतं. एवढ्यात ओनोदेरा-सान धापा टाकत जिना चढून आले.

"लोक वर यायला लागलेत," ते म्हणाले. "स्टेडियम हेच आसऱ्याचं ठिकाण आहे. पण गाड्या घेऊन निघालेत सगळे. वळणावर अडकणार. मागचे कर्णे रस्त्याच्या बाजूला वळवलेत. तुम्ही बोला, दिपाली-सान."

"माझी मुलगी खाली आहे," दिपाली म्हणाली.

 ओनोदेरा-साननी तिच्याकडे बघितलं, मग माइककडे, आणि परत जिना उतरून गेले. त्यांना खाली शंभर कामं होती.

दिपालीने पर्स उचलली. सायकल गेटपाशीच होती. उताराने दहा मिनिटांत तलावाशी पोचता येईल, येताना ओवीला मागे बसवून... चढ मोठा आहे, पण पळत येऊ. मियाउरा-सान दाराजवळ उभे होते.

"गेल्या वेळी माझा धाकटा भाऊ वर पोचला होता," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, वर्गात शिकवल्यासारखा. "मग आई दिसेना म्हणून तो तिला आणायला परत खाली गेला. आई दुसऱ्या वाटेने आधीच टेकडीवरच्या देवळात पोचली होती. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. रोज त्याच्याबद्दल विचारायची."

दिपालीने पर्स खांद्याला अडकवली.

"मुलांना शाळेत शिकवतात, तुम्हाला माहीत आहे. तेंदेंको."

तिला माहीत होतं. ज्याने त्याने आपापलं पळायचं, कुणाची वाट बघायची नाही, कुणाला शोधायला जायचं नाही. दर वर्षी शाळेत त्याची कवायत व्हायची. ओवीने घरी येऊन सांगितलं तेव्हा दिपालीला राग आला होता. एवढ्याशा पोरांना काय शिकवतात हे, असं ती हरीशला म्हणाली होती.

"मी तुम्हाला अडवणार नाही," म्हणत मियाउरा-सान दारातून बाजूला झाले.

ती दारापर्यंत गेली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. खालून हॉर्नचे आवाज येत होते, एकावर एक. वळणावर गाड्या ठप्प झाल्या होत्या आणि मागून आणखी येतच होत्या. ज्या रस्त्याने ओवी वर येणार, तोच रस्ता त्यांनी बंद केला होता.

दिपाली परत आली, खुर्ची मागच्या खिडकीकडे वळवली आणि माइक ओढून घेतला.

"गाड्या सोडा," ती म्हणाली. पहिला शब्द फाटला.  "गाड्या सोडून द्या. किल्ली आतच ठेवा, दार उघडं ठेवा. चालत या. वर जागा आहे. सामान घेऊ नका. चालत या."

वळणावरची एक पांढरी गाडी उघडली. मग तिच्या मागची. माणसं बाहेर पडून चालायला लागली. दिपाली तेच तेच बोलत राहिली. आवाज चढवायचा, पण घाबरवायचं नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण जमत होतं. तिचे डोळे मात्र चालणाऱ्यांच्या उंचीवर होते. ती लहान माणसं शोधत होती.

खेळाडू गेटबाहेर धावले होते. रस्त्याच्या मध्यावर एक निळी पाटी होती. गेल्या वेळी पाणी तिथवर आलं होतं. ओनोदेरा-सान पाटीपाशी हात पसरून उभे राहिले आणि एकालाही तिच्या खाली जाऊ देईनात. पाटीपासून वर मात्र दोन्ही संघांची मुलं म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन चढत होती. आइझावा हा टगबोट्सचा पहिला पिचर, सहा इनिंग खेळून दमलेला. तो एका आजींना पाठीवर घेऊन आला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि परत गेला. नंतर पुन्हा एका आजोबांना घेऊन आला.

मग पिवळ्या टोप्या दिसल्या. पोहायच्या क्लासची मुलं, अंगाला टॉवेल गुंडाळलेली, अनवाणी, एकमेकांचे हात धरून. दिपालीचं बोलणं थांबलं. तिने खिडकीची काच सरकवली आणि अर्धं अंग बाहेर काढून एकेक चेहरा बघितला. रांग संपली. ओवी त्यांच्यात नव्हती.

मियाउरा-सान न सांगताच खाली गेले. परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर क्लासची शिक्षिका होती, ओले केस, पायाला खरचटलेलं.

"ओवी-चान लवकर गेली," ती म्हणाली. "तिच्या गटाचा तास आधी संपला. युई-चानच्या घरी आइस्क्रीम खायला जाते म्हणाली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

ओवीच्या वर्गातल्या युईचं घर नदीच्या पलीकडे होतं. पण त्या दोघी तिथवर पोचल्या होत्या की अजून पुलावर होत्या, की अलीकडेच रमतगमत चालल्या होत्या? शिक्षिकेला माहीत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा वाकून माफी मागू लागली. "तुमची चूक नाही," असं दिपाली म्हणाली खरी, पण ते वाक्य तिलाच कुठून तरी लांबून ऐकू आलं.

"अजून पाच मिनिटं," रेडिओ कानाला लावून मियाउरा-सान म्हणाले.

दिपालीने माइकवरून सांगितलं की पाणी आता केव्हाही येईल, पाटीच्या खाली कुणीही थांबू नका. तेच तिने पुन्हा सांगितलं. मग बोलायला काही उरलं नाही. ती समुद्राकडे बघत राहिली.

भिंतीसारखी लाट आली नाही. बंदरातलं पाणी नुसतं फुगत गेलं. धक्क्यावर चढलं, मासळीबाजाराच्या शेडमध्ये शिरलं, रिकाम्या क्रेटचे ढीग हलले. मग नदीच्या तोंडातून एक तपकिरी रेघ आत सरकू लागली. उलटी वाहणारी नदी. रेघ पुलाखाली गेली आणि पुढेही गेली. पुलावर कुणी नव्हतं. निदान तिला दिसेल असं कुणी नव्हतं.

पाणी मीटरभर चढून थांबलं. घरांपर्यंत आलं नाही. पण रेडिओवरचा माणूस तेच ओरडून सांगत होता की दुसरी, तिसरी लाट मोठी असू शकते, इशारा उठेपर्यंत कुणीही खाली उतरू नये.

दिपालीच्या फोनवर एक मेसेज कसाबसा आत आला. हरीशचा. "ट्रेन थांबलीय. मी ठीक. ओवी तुझ्याजवळ आहे ना?"

तिने उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं. काय लिहिणार? शेवटी फोन पालथा घातला.

वळून पुढच्या खिडकीतून बघितलं तर स्टेडियम भरलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. घरच्या चपलांत आलेली माणसं, मांजराचे पिंजरे घेतलेली, स्वयंपाकाचा एप्रन तसाच असलेली. हजारो माणसं. प्रत्येकजण हातातल्या फोनकडे बघत होता आणि कुणाचाच लागत नव्हता. मधूनच जमीन पुन्हा हलायची, आणि त्या गर्दीतून एकच दबका हुंकार उठायचा. एक म्हातारे गृहस्थ उठून गेटकडे चालू लागले, घरी पत्नीची औषधं राहिली म्हणून. त्यांना दोघांनी धरून बसवलं. पाठोपाठ आणखी एक उठला. असंच चालू राहिलं तर माणसं एकेक करून खाली सटकणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

लीगच्या प्रतिनिधीने मॅच थांबल्याचं केव्हाच जाहीर केलं होतं. पाच इनिंग पूर्ण झाल्या होत्या, त्यामुळे नियमाप्रमाणे बरोबरी. टगबोट्सचा इतिहास तिथेच संपला होता.

ओनोदेरा-सान पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाशी काहीतरी बोलले. मग पंचांशी. पंचांनी मान हलवून नकार दिला, थोडा वेळ गर्दीकडे बघितलं, आणि मास्क पुन्हा चेहऱ्यावर ओढला.

भिंतीवरचा, मैदानाशी जोडलेला फोन वाजला. "दिपाली-सान," ओनोदेरा-सान म्हणत होते, "आम्ही खेळतोय. हे कुठेही लिहिलं जाणार नाही. पण लोकांना बसवून ठेवायला हवं. नावं घ्याल?"

 "घेते," ती म्हणाली.

तिने पहिलं नाव घेतलं तेव्हा कुणी टाळीही वाजवली नाही. तिसऱ्या खेळाडूने चेंडू उजव्या कुंपणापर्यंत फटकावला आणि दुसऱ्या बेसवरचा माणूस धावत घरच्या बेसवर आला, टगबोट्सला एक धाव मिळाली. पिवळ्या टोपीवाली मुलं आधी ओरडली, मग त्यांच्या मागचे, आणि मग तो आवाज पसरत गेला. घरी औषधं राहिलेले गृहस्थ उभे राहून शेजाऱ्याला बेसबॉलचं काहीतरी समजावून सांगू लागले. आइझावाचा हात थकला होता, तरी तो पुन्हा मैदानात उतरला. पाहुण्यांनी त्याला दोनदा झोडपलं आणि पारडं फिरलं.

दिपाली नावं घेत होती. प्रत्येक नावानंतर मागच्या खिडकीकडे वळायची, नदी बघायची, परत वळायची. तपकिरी रेघ दुसऱ्यांदा आत आली, पहिलीपेक्षा थोडी वर. तिने पुढचं नाव घेतलं. आपण इथे बसून हे काय करतोय, असा विचार दर वेळी यायचा आणि दर वेळी ती पुढचं नाव घ्यायची, कारण ते सोडलं असतं तर ती जिन्यावरून खाली धावली असती.

आठव्या इनिंगमध्ये, एका नावाच्या मधोमध, पालथा फोन थरथरला. युईच्या आईचा मेसेज होता. बराच वेळ कुठेतरी अडकून आला होता. "दोघी शाळेच्या गच्चीवर आहेत. माझ्या समोर. ओवी-चान ठीक आहे."

दिपाली थांबली. अर्धं नाव हवेत राहिलं. सगळ्या स्टेडियमने वर काचेकडे बघितलं. काहीतरी वाईट बातमी आली असं त्यांना वाटलं असावं, कारण गर्दी एकदम गार झाली. बॅट घेऊन उभा असलेला मुलगाही वर बघत होता.

मियाउरा-साननी हळूच माइक बंद केला. तिने मेसेज त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. मग माइक चालू करून तिच्याकडे सरकवला. तिने ते नाव पहिल्यापासून, पूर्ण घेतलं. हरीशला मेसेज मात्र तिच्या बोटांना लिहिता येईना. मियाउरा-साननीच तिच्यासाठी इंग्रजीत टाइप केला.

नवव्या इनिंगमध्ये, सूर्य डोंगराआड गेल्यावर, इशारा खालच्या पातळीवर आणल्याची बातमी आली. किनाऱ्यापासून दूर राहायचं, पण वरच्या वस्तीतल्यांना घरी जायला हरकत नाही. दिपालीने ते वाचून दाखवलं. टगबोट्स एका धावेने मागे होत्या, दोन बाद, तिसरा बाद झाला की खेळ संपणार, आणि बॅट हातात घेऊन आइझावा स्वतः उभा होता.

कुणीही उठलं नाही. हजारो माणसं तशीच बसून राहिली.

उठली ती दिपाली. "मियाउरा-सान, मी..."

"जा," ते म्हणाले. आयुष्यात कधी माइकवर न बोललेल्या त्या माणसाने तिच्या खुर्चीत बसून कर्णा फुटेल एवढ्या मोठ्याने आइझावाचं नाव घेतलं.

ती रस्त्यात उघड्या सोडलेल्या गाड्यांमधून सायकल काढत, किनाऱ्यापासून दूर असलेल्या नदीच्या वरच्या पुलाकडे निघाली. मागून एक प्रचंड आवाज उठला आणि मग विरला. काय झालं ते तिला कळलं नाही, आणि तिने मागे वळून बघितलंही नाही.

शाळेच्या व्यायामशाळेत ओवी युईबरोबर एका चादरीवर बसून बिस्किटं खात होती. आईला बघून ती उठली, चालत आली, आणि जवळ आल्यावर एकदम तिच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. जपानीत काहीतरी बोलत होती, हुंदक्यांमुळे नीट समजेना.

"मराठीत सांग, सोन्या."

"मला वाटलं तू मला शोधायला खाली आलीस," ओवी म्हणाली. "मी गच्चीवरून रस्ता बघत होते. सगळा वेळ."

दिपाली तिथेच जमिनीवर बसली.  

"नाही आले," ती म्हणाली. "येणार होते. पण नाही आले."

ओवीने तिला एक बिस्किट दिलं. हरीश दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला, शेवटचा बराचसा रस्ता चालत. दाराशी आल्यावर त्याने आधी ओवीला उचलून घेतलं आणि मग बूट काढले.

आइझावाचा चेंडू कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या खेळाडूने झेलला होता, हे दिपालीला मियाउरा-सानकडून कळलं. म्हणजे टगबोट्स हरल्या. लीगच्या यादीत अर्थातच दोन-दोन अशी बरोबरीच आहे. शिराइसोत कुणाला विचारलं तर वेगवेगळी उत्तरं मिळतात. मासळीबाजारातल्या बायका टगबोट्स जिंकल्या असंच सांगतात, आणि त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही.

नोव्हेंबरात टीम रीतसर बंद झाली. आइझावा शीतगृहात कायमचा लागला. ओनोदेरा-साननी उरलेल्या जर्स्या शाळेला देऊन टाकल्या. एक त्यांनी ओवीसाठी आणली, सगळ्यात लहान मापाची, तरी तिच्या गुडघ्यापर्यंत येणारी. ती बेसबॉल बघत नाही, अजूनही कंटाळा येतो म्हणते. पण थंडी वाढली की ती जर्सी स्वेटरवर चढवून झोपते.